आईचा फोन, बाबांचा जीमेल आणि गूगल फोटोजचा ऑटो बॅकअप: तीन वर्षं वापरून

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो, गूगल फोटोज चांगलं आहे, पैसे वसूल आहेत, माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच. पण ते "ऑटोमॅटिक" म्हणतात ना, त्या शब्दाला फार भुलू नका. फोटो आपोआप वर जातात हे खरंय, पण ते आपोआप जात राहावेत म्हणून मी पुण्याहून सांगलीला जाऊन आख्खा एक रविवार, मधे जेवण आणि बाबांची दुपारची झोप वगळता, दोन फोन घेऊन बसलो होतो. आणि त्यानंतरही दोनदा परत बसावं लागलं.

हे सगळं सुरू कुठून झालं तर पुरापासून. ऑगस्ट २०१९. सांगलीत ज्यांनी तो पूर बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. आमच्या आईबाबांनी गडबडीत जे वर नेलं त्यात घराची कागदपत्रं, सोनं, सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा होती. अल्बम मात्र खालच्या लोखंडी कपाटात राहिले. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर पानं एकमेकांना चिकटून एक वीट झालेली, आणि आम्ही शहाण्यासारखे ती कोरडीच ओढायला गेलो तर फोटोचा रंग सगळा समोरच्या प्लास्टिकवर. मग कुणीतरी सांगितलं की ओढू नका, स्वच्छ साध्या पाण्यात भिजत घाला, आपोआप सुटतील, मग सावलीत वाळवा. तसं केल्यावर बरेच वाचले. लग्नाच्या अल्बममधले बाबा अर्धे गेलेत ते गेलेतच. आई म्हणाली चेहरा आहे की, असू दे.

तेव्हा मी मनात म्हणलं होतं की आता काय, आता सगळे फोटो फोनमध्ये असतात, हे परत व्हायचं नाही. किती मूर्खपणा.

२०२२ ला बाबांचा फोन मेला. पाण्यात वगैरे पडला नाही, एके दिवशी सकाळी चालूच झाला नाही, रिपेअरवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. त्यात भाच्याची मुंज, बाबांच्या मित्रांची अष्टविनायक ट्रिप, आणि माझ्या आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो, जे बाबा रोज संध्याकाळी काढायचे, उगाच, ती ओट्यावर बसलेली असताना. मी म्हणलं काळजी करू नका, अँड्रॉइड आहे, जीमेल असणारच, त्यात बॅकअप असेल. जीमेल होता. पण तो फोन घेताना मोबाईलच्या दुकानातल्या पोराने काढून दिला होता. पासवर्ड त्याने टाकलेला. रिकव्हरीला जो नंबर दिलेला तो बाबांचा जुना नंबर, रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद झालेला. दुकानात गेलो तर तो म्हणाला, "ओ दादा, अशी दिवसाला दहा काढतो, कुठं लक्षात ठेवू?" त्याचं तरी काय चुकलं म्हणा. रिकव्हरीचा फॉर्म मी पंधरा वीस वेळा भरला असेल, नाही उघडलं. त्या अकाउंटमध्ये फोटो आहेत की नाहीत हेसुद्धा आम्हाला कळलं नाही. आणि गूगलचा नियम असा आहे की दोन वर्षं एखादं अकाउंट कुणी वापरलंच नाही तर ते आतल्या सगळ्यासकट उडवू शकतात, २०२३ च्या डिसेंबरपासून ते सुरूही झालं. म्हणजे असलेच फोटो तरी आता नसणार.

म्हणून माझं म्हणणं असं की बॅकअप ॲपपासून सुरू होत नाही, अकाउंटपासून होतो. तुमच्या आईवडिलांच्या फोनमध्ये आत्ता जो जीमेल आहे तो कुणी काढला आणि त्याचा पासवर्ड कुणाला माहितीय हे आज विचारा. मी शंभरची पैज लावतो की निम्म्या घरांत उत्तर "दुकानदाराने" असं येईल. आम्ही दोघांची नवीन अकाउंट काढली, रिकव्हरीला माझा नंबर आणि माझा ईमेल टाकला, टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारं कुलूप) लावलं, आणि ते जे दहा बॅकअप कोड देतात ते आईच्या डायरीत लिहून ठेवले, गॅसच्या ग्राहक क्रमांकाच्या आणि दूधवाल्याच्या हिशोबाच्या पानावर. सिक्युरिटीवाले लोक हे वाचून कपाळाला हात लावतील, लावू दे. ती डायरी पुरात वर गेली होती.

आता खुद्द ॲप. सेटिंग पाच मिनिटांचं आहे. वर कोपऱ्यात आपला गोल फोटो असतो तो दाबायचा, सेटिंग्ज, बॅकअप, चालू. लगेच विचारतं की फोटो ओरिजिनल क्वालिटीत ठेवू की स्टोरेज सेव्हरमध्ये. स्टोरेज सेव्हर म्हणजे १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान करतं, व्हिडिओ १०८० पी वर आणतं, आणि एकूणच थोडं दाबून बसवतं. मी आईबाबांना सेव्हर लावलं आणि स्वतःला ओरिजिनल. कारण आईचे फोटो म्हणजे कुंडीतलं फूल, मोदक, नातवाचं तोंड, देवळातली पूजा, ते १६ मेगापिक्सेलमध्ये बघून कुणाचं काही बिघडत नाही, १६ बाय २४ इंचाची प्रिंटसुद्धा व्यवस्थित निघते. लग्नाचे फोटोग्राफरने दिलेले फोटो असतील, किंवा तुम्ही नंतर एडिट वगैरे करणारे असाल, तर मात्र ओरिजिनलच.

त्याच्या खाली एक सेटिंग आहे जे कुणी बघत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, फोनमधल्या फोल्डर्सचं. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात, पण व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, डाउनलोड ही वेगवेगळी फोल्डर्स, ज्याची त्याची चालू करायची. इथे माझी पंचाईत झाली. आईचं व्हॉट्सॲप चालू केलं तर गुड मॉर्निंगचे गुलाब, विठ्ठल, चहाचे कप, "हा मेसेज अकरा जणांना पाठवा", सगळं ढीगभर क्लाउडवर, म्हणजे गूगलच्या कॉम्प्युटरवर, चढणार. बंद ठेवलं तर ताईने अमेरिकेतून पाठवलेले भाचीचे फोटो, जे आईच्या दृष्टीने फोनमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट, तेच बाहेर राहणार. शेवटी चालू केलं, आणि व्हॉट्सॲपमध्ये जाऊन सोसायटी, भजनी मंडळ, "पाटील परिवार" अशा सात ग्रुपची मीडिया व्हिजिबिलिटी बंद करून टाकली, म्हणजे त्यांचे फोटो गॅलरीतच येत नाहीत, मग बॅकअपलाही जात नाहीत. हा उपाय माझा मलाच सुचला म्हणून मी जरा खूश आहे.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंबद्दल अजून एक, तिथून फोटो साधा पाठवला की त्यातली मूळ तारीख, जागा सगळं निघून जातं आणि फोटो दाबला जातो तो वेगळाच. म्हणजे मे महिन्यातल्या लग्नाचे फोटो मामेभावाने दिवाळीत पाठवले की ते दिवाळीत जाऊन बसतात, आणि बायको म्हणते उन्हाळ्यातली साडी दिवाळीला कशी. ताईला आता सांगितलंय की चांगले फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग जसाच्या तसा येतो, तारखेसकट. ती दहातले दोन तसे पाठवते. तेवढं तर तेवढं.

जागेचं बोलू. गूगल फोटोज २०१५ ला आलं तेव्हा अनलिमिटेड फुकट होतं, आठवतंय ना, आपण सगळे त्यालाच भुललो. १ जून २०२१ ला ते बंद झालं. त्या तारखेच्या आधी हाय क्वालिटीत (स्टोरेज सेव्हरचं तेव्हाचं नाव) टाकलेले फोटो अजूनही मोजत नाहीत, नंतरचे सगळे तुमच्या १५ जीबीतून. आणि ते १५ जीबी फक्त फोटोंचे नाहीत, जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअपसुद्धा आता त्यातच मोजतात. माझा एक स्टार मुख्यतः इथे गेलाय. कारण जागा भरली की फक्त फोटो थांबत नाहीत, ईमेल यायचे बंद होतात. बँकेचे, इन्शुरन्सचे, ऑफिसचे. फोटो आणि पोस्ट एकाच पेटीत कशाला रे बाबा? घरात माळा भरला म्हणून पोस्टमनने पत्र परत न्यावं तसलं झालं.

एक फोटो साधारण ३ ते ५ एमबी धरा, म्हणजे १५ जीबीत साडेतीन चार हजार फोटो, तेही जीमेल रिकामा असेल तर. लहान मूल घरात असेल तर हे वर्षभरसुद्धा पुरत नाही, आणि व्हिडिओ ४के मध्ये, म्हणजे सगळ्यात बारीक क्वालिटीत, काढायची सवय असेल तर विसराच, एका मिनिटाला दोनशे तीनशे एमबी आरामात जातात. मग पैसे. मी १०० जीबीचा प्लॅन घेतला तेव्हा महिन्याला १३० किंवा वर्षाला १३०० रुपये होता, आता घेताना ॲपमध्ये बघून घ्या, ऑफर येत जात असतात. वर्षाचाच घ्या. महिन्याचा घेतला तर कार्ड बदललं, ऑटोपे कॅन्सल झालं, बॅलन्स नव्हता, काहीतरी होऊन एखादा महिना हुकतोच. हुकला तर लगेच फोटो उडत नाहीत, घाबरू नका, नवीन जाणं थांबतं आणि मेल अडकतात, जागेपेक्षा जास्त भरलेलं अकाउंट सलग दोन वर्षं तसंच राहिलं तर मग डिलीट करू शकतात. यातली चांगली गोष्ट म्हणजे हा प्लॅन आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो, आणि वाटला तरी एकमेकांचे फोटो एकमेकांना दिसत नाहीत (बाबांनी हे मला तीनदा विचारून घेतलं, का ते मी विचारलं नाही). प्रत्येकाचे स्वतःचे १५ जीबी आधी वापरले जातात आणि ते संपले की मग सामायिक जागेतून जातं, त्यामुळे आईबाबा अजून माझ्या १०० ला फारसे आलेलेच नाहीत.

पहिला बॅकअप मात्र संयमाचं काम आहे. माझे एकट्याचे ७० जीबी होते. घरी वायफायचा अपलोड स्पीड ४० एमबीपीएस, कागदावर हिशोब केला तर चार तासांचं काम. प्रत्यक्षात तीन रात्री. फोन चार्जिंगला लावून, ॲप उघडं ठेवून झोपलं की जातात, स्क्रीन बंद झाली की फोनला डुलकी लागते. बायकोचा आयफोन असल्याने तिथे तर अजूनच, तिथे ॲपला मागे फार वेळ चालूच देत नाहीत, अधूनमधून उघडावं लागतं. आणि एक करा, मोबाईल डेटावरून बॅकअप बंद आहे ना ते बघून घ्या, किंवा दिवसाची मर्यादा टाका. आईच्या फोनला रोजचा दीड जीबी, तो सकाळी साडेनऊला संपला की कीर्तनाचे व्हिडिओ अडकतात आणि मग मला फोन येतो.

आता परत जावं लागलं ते पहिलं कारण. महिनाभराने आईला विचारलं, बॅकअप होतोय ना, ती म्हणाली हो हिरवं टिक आहे. टिक होतं, पण ते महिन्यापूर्वीचं. शेवटचा फोटो मी निघालो त्या दिवशीचा. तिचा फोन एका चायनीज कंपनीचा, नाव नाही घेत, पण त्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स मारून टाकायची हौस असते. सेटिंगमध्ये जाऊन गूगल फोटोजला बॅटरीत "नो रिस्ट्रिक्शन" आणि कुठे ऑटोस्टार्ट असेल तर तेही चालू करावं लागतं. हे ॲपने सांगायला पाहिजे की नको? आणि टिक बघू नका, कालचा एक फोटो घ्या आणि तो कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या फोनवर त्याच अकाउंटने उघडून दिसतो का बघा. तिथे दिसला म्हणजे खरा गेला.

दुसरं कारण जास्त भयंकर. गेल्या वर्षी श्रावणात आईचा फोन भरला. तिने काय केलं, गूगल फोटोज उघडलं, आणि एकेक करत अकराशे फोटो डिलीट केले. मी अंगात वारं शिरल्यासारखा ओरडलो फोनवर. ती शांतपणे, "अरे, वर ठेवलेत म्हणालास की तू. मग हितले काढले." बरोबरच आहे की तिचं! कुठल्याही सरळ माणसाला असंच वाटेल. तिजोरीत एक प्रत ठेवली की टेबलावरची फाडली तरी चालते. पण हे ॲप तसं नाही, त्यात डिलीट केलं की फोनमधून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातं. ते तिथे लिहून येतं, पण आई चष्मा न लावता फोन बघते आणि मी तिला हे समजावलंच नव्हतं, त्यामुळे चूक माझी. वाचलो कशामुळे तर बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, आणि मला हे विसाव्या दिवशी कळलं. सगळे परत आणले. ज्यांचा बॅकअप झालेलाच नाही अशांना फक्त ३० दिवस, हेही लक्षात ठेवा.

फोन मोकळा करायचं वेगळं बटण आहे, "फ्री अप स्पेस". ते फक्त फोनमधली प्रत काढतं आणि तेही जे वर गेलेत त्यांचीच. आईला आता एवढंच सांगितलंय की कचऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, फोन भरला की हे बटण. त्यालाही एक किंमत आहे म्हणा, ते दाबल्यावर फोटो बघायला नेट लागतं. कोकणात मावशीकडे रेंज नाही, तिथे आई सगळ्यांना भाचीचे फोटो दाखवायला बसली आणि नुसतं गोल गोल फिरतंय.

बायकोचा आयफोन, तिचं आयक्लाउड, म्हणजे ॲपलचा क्लाउड, चालू आहे. ५ जीबी फुकट, म्हणजे शास्त्रापुरते, नंतर ५० जीबी मी बघितलं तेव्हा ७५ रुपये महिना. आयफोनवर ते सगळ्यात सोपं आहे यात वाद नाही, पण तिथेही तेच, फोनमधून काढला की आयक्लाउडमधूनही जातो, रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. ही सिंक आहे, म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. बॅकअप म्हणजे इकडचं जळलं तरी तिकडचं राहणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपन्या दोन्हीला एकाच ढगाचं चित्र लावतात. आणि "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू असेल तर फोनमध्ये मूळ फोटो नसतातच, छोटी प्रत असते, केबल लावून कॉम्प्युटरवर उतरवायला गेलात तर अर्धे फोटो सापडणार नाहीत. तिने म्हणून आयक्लाउड आणि गूगल फोटोज दोन्ही ठेवलंय. मला ते डबल खर्च वाटतं, तिला मनःशांती वाटते, विषय संपला.

बाकीचे पर्याय मी बघितले. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी फुकट देतं, ऑफिससाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल घेतलेलं असेल तर १ टीबी (साधारण हजार जीबी) आधीच पडलाय तुमच्याकडे, वापरा की. इमिच म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला अगदी गूगल फोटोजसारखं, स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचं. माझ्या एका मित्राने चालवलंय, भारी आहे, पण तो आईला रिस्टार्ट करायला सांगू शकत नाही आणि घरात पाणी शिरलं तर तो कॉम्प्युटरही अल्बमच्याच कपाटाच्या वाटेने जाणार. पेनड्राइव्हचं नावच काढू नका. आणि हो, काही लोक अजून गूगलचा २०१६ चा पहिला पिक्सेल फोन जुन्या बाजारात शोधत फिरतात कारण त्यावरून टाकलेले फोटो ओरिजिनल क्वालिटीत फुकट जातात, जागेत मोजत नाहीत. खरं आहे ते. पण दहा वर्षांच्या बॅटरीवर आजीचे फोटो टांगायचे हे माझ्या स्वभावात बसत नाही.

पुरातले अल्बमही मी यातच आणले. गूगलचंच फोटोस्कॅन नावाचं वेगळं ॲप आहे, फोटोवर चार ठिपके येतात, फोन हलवत एकेका ठिपक्यावर न्यायचा, मग ते सगळे शॉट जोडून चमक काढून टाकतं. ट्यूबलाइट खाली बसून केलं तरी चालतं. दोन गणपतीच्या सुट्ट्यांत मिळून चारशे साडेचारशे झाले. ते सगळे अर्थातच स्कॅन केल्याच्या तारखेला जाऊन बसले, म्हणजे बाबांचं १९७८ चं कॉलेजचं गॅदरिंग आणि माझ्या पोराचा फॅन्सी ड्रेस शेजारी शेजारी. तारीख बदलता येते, पाचपन्नास एकदम निवडून, पण साल कोणतं ते ठरवायला आई, बाबा आणि आत्या यांची जी बैठक बसली ती या सगळ्या उद्योगातली सगळ्यात वसूल गोष्ट होती. "ही साडी सुमनच्या लग्नातली, म्हणजे ८३." "नव्हे, तेव्हा तुझे केस कापलेले होते." बाबांचा पाण्याने गेलेला अर्धा भाग तसाच स्कॅन केला. ॲपने त्या अर्ध्या चेहऱ्यावरूनसुद्धा त्यांना ओळखून त्यांच्या बाकीच्या फोटोंत लावलं, हे बघून बाबा पहिल्यांदा इंप्रेस झाले. मला आणि माझ्या चुलतभावाला मात्र ते अजून एकच माणूस समजतं.

फक्त एक, ॲपमध्ये बदललेली तारीख फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जात नाही, ती गूगलकडेच राहते. हे कळतं टेकआउट करताना. टेकआउट म्हणजे आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची सोय, ती आहे ही चांगली गोष्ट, दर दोन महिन्यांनी आपोआप वर्षभर तयार होईल असंही लावता येतं. पण हातात येतात झिप फाइल्स, आणि प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन नावाची चिठ्ठी, तारीख त्या चिठ्ठीत. साध्या माणसाने ते फोल्डर उघडलं तर घाबरून बंद करेल. मी दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत हे उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवतो, चिठ्ठ्यांसकट, पुढे कुणीतरी जुळवेल. ती डिस्क पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर.

हे का करायचं, गूगल काय बुडणार आहे का, असं बाबा विचारतात. बुडणार नाही, पण २०२२ मधली अमेरिकेतली एक बातमी मी विसरलेलो नाही. एका बापाने डॉक्टरांना दाखवायला आजारी मुलाच्या नाजूक जागेचा फोटो काढला, तो ऑटो बॅकअपने वर गेला, मशीनने तो भलताच समजला, आणि त्याचं अख्खं अकाउंट बंद, मेल, फोटो, सगळं. पोलिसांनी चौकशी करून निर्दोष म्हणून सांगितलं तरी अकाउंट परत मिळालं नाही. म्हणजे ऑटोमॅटिक दुसऱ्या बाजूनेही ऑटोमॅटिक असतं. इथे ठेवलेले फोटो कंपनीला दिसूच शकत नाहीत असं काही नाही. आधार, पॅन, पासबुकचे फोटो आम्ही लॉक्ड फोल्डरमध्ये टाकले, आणि त्या फोल्डरचा वेगळा बॅकअप बंद आहे ना ते बघितलं. डॉक्टरांना पाठवायचे फोटो काढण्याआधी बॅकअप बंद करायचा, मग पाठवून फोनमधून उडवायचे. आईला हे सांगायला अवघड गेलं, पण सांगितलं.

अजून एक सेटिंग आहे, गूगल अकाउंटमध्ये, इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. आपण तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने अकाउंट वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कशाकशाची प्रत द्यायची ते आधीच लिहून ठेवता येतं. मी स्वतःचं बायकोच्या नावे केलं. बाबांचं करताना जरा थांबलो, कसं बोलायचं कळेना. तेच म्हणाले, "मेल्यावरचं ना? टाक की तुझं नाव, त्यात काय. जुन्याचं केलं असतं तर माझ्या आईचे फोटो तरी राहिले असते."

मामांचा काल फोन होता. त्यांना पण लावून पाहिजे, एकतीस हजार फोटो आहेत म्हणे. जीमेल कुणी काढला विचारलं तर जरा वेळ शांत, मग म्हणाले, "आपल्या गणपती पेठेतल्या दुकानात तो पोरगा होता बघ..." रविवारी जातोय.